पान बावीसवरचा साचा

हर्णेकर गुरुजींना आमच्या चाळीच्या गणपतीत भाषणाला बोलवावं, ही सूचना माझी. मंडळाचा चिटणीस लवू त्या आठवड्यात अगदी रडकुंडीला आला होता. मेळा ठरला होता, पोवाड्याचा कार्यक्रम ठरला होता, पण मुलांसाठी काही नाही म्हणून बायकांनी त्याला जिन्यातच धरलं होतं. मी म्हटलं, "दादरच्या शाळेतले हर्णेकर गुरुजी आहेत बघ. अलंकारांवर पुस्तक लिहिलंय त्यांनी. मुलांना समजेल असं बोलतात."

"ते सत्याग्रहात आठ दिवस आत होते ते? येतील आपल्याकडे?"

"तू मंडळाच्या कागदावर लिही. मजकूर मी सांगते."

लवूला वाटलं, वहिनी बी. ए. झालेल्या, विद्वानाची कदर आहे. मी त्याला तसं वाटू दिलं.

त्याच्या आदल्याच सोमवारची गोष्ट. माझी मीनाक्षी शाळेतून आली आणि दप्तर खांद्यावर तसंच ठेवून मोरीत जाऊन उभी राहिली. दहा वर्षांची पोर. लालबाग ते दादर ट्रामनं जाते, आणि ती परत येईपर्यंत माझा एक डोळा घड्याळावर असतो. मला आधी वाटलं, पडली. गुडघे पाहिले, कोपर पाहिले, कपाळाला हात लावला.

"मारलं का कुणी?"

तिनं मान हलवली. मग दप्तरातून चाचणीचा पेपर काढून माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मराठीचा पेपर. प्रश्न चौथा : पुढील अलंकारांची स्वतः रचलेली उदाहरणे लिहा. खाली तिचं गोलगोल अक्षर.

उपमा – अंबिकामावशीचा आवाज पत्र्यावर पडलेल्या नारळासारखा आहे.

अनुप्रास – चाळीतल्या चार चुली चरचरल्या.

चेतनगुणोक्ती – पहाटे भोंगा आजोबांना हाक मारतो आणि मला दम देतो.

श्लेष – साचा बिघडला, म्हणून यंदा मोदक नाहीत.

या चारही ओळींवरून तांबड्या शाईची एकच रेघ ओढलेली, आणि समासात एक शब्द : नक्कल.

"गुरुजी म्हणाले, हे सगळं त्यांच्या पुस्तकातलं आहे," ती भिंतीला सांगत होती. "पुस्तकातलं चोरलं आणि स्वतःचं म्हणून लिहिलं. पुढच्या सोमवारी प्रार्थना झाली की सगळ्या शाळेसमोर उभं राहून 'मी नक्कल केली' असं म्हणायचंय. नाही म्हटलं तर दाखल्यावर शेरा मारणार."

"कुठलं पुस्तक?"

"मला काय माहीत? मी बघितलंच नाहीये ग आई."

ती खोटं बोलते तेव्हा तिच्या नाकपुड्या हलतात. तेव्हा हलल्या नव्हत्या. आणि मला नाकपुड्या पाहायची गरजही नव्हती, कारण ती चारही वाक्यं कुठून आली ते मला ठाऊक होतं. ती आमच्या घरातून आली होती.

ती तिसरीत असताना तिला कांजिण्या आल्या. तीन आठवडे घरात. खाजवू नये म्हणून हाताला काहीतरी उद्योग हवा, म्हणून मी एक दोनशे पानी वही घेतली आणि कॉलेजात शिकलेले अलंकार तिला घरातल्या गोष्टींवरून शिकवायला लागले. पुस्तकांतली उदाहरणं सगळी कमळांची, चंद्राची, राजहंसाची. आमच्या लालबागात कमळ कुठलं? मी तिला सांगितलं, इथं जे दिसतं, ऐकू येतं, त्याचंच कर. एखादी गोष्ट दुसरीसारखी आहे म्हटलं की उपमा. भोंग्याला माणसासारखं वागायला लावलं की चेतनगुणोक्ती. वरून स्तुती आणि आतून चिमटा असला की व्याजस्तुती. ती तिला फार आवडली. सबंध आठवडाभर ती आजीला "आजी, आमटी किती छान झालीय, पाणीसुद्धा एवढं पातळ नसतं" असं म्हणत होती, आणि आजी खूश होऊन तिला आणखी वाढत होती.

श्लेष मात्र तिचा तिनंच केला. माझं माहेर गिरगावातलं. गिरणीतल्या लूमला पुस्तकात माग म्हणतात, आणि इथं लालबाग-परळात साचा म्हणतात, हे मला लग्नानंतर कळलं. माझे सासरे कुशाबा साचेवाले, तीस वर्षं दोन साच्यांवर. त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर त्यांचा एक साचा बिघडला. साचा बंद म्हणजे त्यावरचा पगार बंद. सासूबाईंनी यंदा मोदक नकोत, साखरेचा नैवेद्य दाखवू म्हणून सांगितलं. शेजारच्या अंबिकामावशी दारात येऊन विचारू लागल्या, मोदक का नाहीत. कांजिण्यांचे फोड अंगावर घेऊन बसलेली मीनाक्षी म्हणाली, "साचा बिघडला, म्हणून यंदा मोदक नाहीत."

अंबिकामावशी मालवणच्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "मगे हातान वळा मां गे! मोदकाक साचो कित्याक होयो?"

सगळे हसत सुटलो. पोरगी गिरणीच्या साच्याबद्दल बोलत होती आणि मावशींनी मोदकाचा साचा धरला. हसता हसता मी तिला म्हटलं, "हाच श्लेष. एक शब्द, दोन अर्थ." तिनं ते वाक्य वहीत लिहिलं आणि खाली एवढंच : 'एक साचा आजोबांचा, एक मोदकाचा.' नंतर त्यावर आमटी सांडली आणि दुसरी ओळ पुसट झाली.

बरी झाल्यावर ती वही शाळेत घेऊन गेली होती. हर्णेकर गुरुजींनी पाहिली. "आईला सांग, दोन दिवस वाचायला ठेवतो." दोन दिवसांचे सहा आठवडे झाले. वही परत आली तेव्हा तिला नवं तपकिरी वेष्टन घातलेलं होतं आणि शेवटच्या पानावर 'स्तुत्य' असं लिहिलेलं होतं. मला तेव्हा कोण आनंद झाला होता! मी गुरुजींना नारळीपाकाच्या वड्या पाठवल्या होत्या. वड्या आठवल्या की अजून माझे कान तापतात.

मंगळवारी वही पिशवीत घालून मी दादरला पुस्तकवाल्याकडे गेले आणि ते पुस्तक पाहिलं. 'अलंकारांची फुलपरडी'. नवंकोरं, महिन्यापूर्वी निघालेलं. एकेक पान उलटत गेले. अंबिकामावशींचा आवाज होता, फक्त मावशींच्या जागी 'शेजारीण' होती. चुली होत्या. भोंगा होता. सासूबाईंची आमटी होती. कांजिण्यांच्या तीन आठवड्यांतलं माझं घर शेल्फावर मांडून ठेवलं होतं, आणि प्रस्तावनेत गुरुजी लिहीत होते : 'बालमनाशी समरस होऊन ही उदाहरणे मी रचली आहेत.'

पान बावीसवर श्लेष होता. वाक्य तेच. खाली गुरुजींचं स्पष्टीकरण :

'येथे साचा या शब्दावर श्लेष आहे. एक अर्थ, मोदक करण्याचा साचा. दुसरा अर्थ, साचा म्हणजे साच, खरा, सत्य. अंतरीचा सत्यभाव बिघडला की देवाचा नैवेद्य होत नाही, असे कवीने सुचविले आहे.'

मी दुकानात उभ्या उभ्या हसले. दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. मग हसू आपोआप थांबलं. आमटी सांडलेली ती ओळ त्यांना वाचता आली नव्हती, आणि कुणाला विचारायची सोय नव्हती. ज्याचं वाक्य, त्यालाच विचारायचं तर चोरी उघडी पडते. मग त्यांनी संतांना मदतीला बोलावलं होतं.

पुस्तक घेऊन मी तशीच शाळेत गेले. गुरुजी शिक्षकांच्या खोलीत टाचण काढत बसले होते. स्वच्छ धोतर, पांढरा कोट, बोटांना तांबडी शाई. मी वही त्यांच्यापुढे ठेवली.

"ही आठवते का तुम्हाला?"

त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "बाई, मुलांच्या कितीतरी वह्या माझ्या नजरेखालून जातात."

"सहा आठवडे तुमच्याकडे होती."

"वहीवर तारीख आहे का?"

तारीख नव्हती; शेवटच्या पानावरच्या त्यांच्या 'स्तुत्य'खालीसुद्धा नव्हती. घरातल्या वहीवर कोण तारीख घालतं?

"नाव?"

"आतलं अक्षर माझं आहे, माझ्या मुलीचं आहे."

"अक्षर तुमचं असणारच. माझं पुस्तक पाहून उतरवून घेतलं असेल. चांगली सवय आहे ती." ते समजूतदारपणे हसले. "हे पाहा, मुलीवर माझा राग नाही. पण चोरीची खोड लहानपणीच मोडावी लागते. तुम्ही सुशिक्षित आहात. घरी तिची नीट समजूत घाला. एक वाक्य तर म्हणायचंय."

मी वही उचलली. घाईत पुस्तक माझ्या हातून खाली पडलं ते त्यांनी पाहिलं, आणि त्यांना ते आवडलं, हेही मी पाहिलं.

ट्रामच्या थांब्यावर उभी होते तेव्हा माझं ठरलं. वाक्य म्हटलं जाईल. 'मी नक्कल केली.' एक शब्द इकडचा तिकडे न होता म्हटलं जाईल. फक्त म्हणणारा बदलेल. आणि तेही सोमवारच्या आत.

जयवंतांना, म्हणजे माझ्या यजमानांना, मी रात्री जेवताना सांगितलं. ते गोदीत कारकून. शांत माणूस.

"आत्ता नको ग," ते म्हणाले. "वातावरण बघतेस ना. हर्णेकर संयुक्त महाराष्ट्र समितीचे वक्ते. पोरं त्यांच्या घोषणा देत फिरतात. त्यांच्यावर शिंतोडा उडाला तर लोक म्हणतील, चळवळीला बट्टा लावला."

"चळवळीनं माझी वही चोरली नाही."

"तसं नव्हे."

"मग मीनाक्षीनं सोमवारी उभं राहायचं? महाराष्ट्र संयुक्त होईपर्यंत चोर म्हणून फिरायचं तिनं?"

ते भात कालवत राहिले. सासऱ्यांनी ताटावरून मान वर केली. "काय झाला ता परत सांग गे बाय," म्हणाले. मी परत सांगितलं. पान बावीस वाचून दाखवलं. मी 'साच म्हणजे सत्य' इथपर्यंत आले तेव्हा त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"म्हंजे मी तीस वर्सां काय चलवलंय?" ते म्हणाले.

तिथंच मला कळलं की गुरुजींना कुठं आणायचं. शाळेत ते गुरुजी. सभेत ते वक्ते. पण आमच्या चाळीच्या अंगणात अडीचशे माणसं बसतात, आणि त्यांतली निम्मी साचेवाली.

गुरुजींचा होकार दुसऱ्याच दिवशी आला. मंडळानं पाठवलेल्या पत्रावर माझं नाव नव्हतं.

रविवारी संध्याकाळी अंगण भरलं. गणपतीमागे पोरांनी महाराष्ट्राचा पुठ्ठ्याचा नकाशा केला होता, मुंबईच्या जागी लाल दिवा. पुढे मुलं, मग बायका, मागे आणि गॅलऱ्यांतून पुरुष. मी मीनाक्षीला नवं परकर-पोलकं घालून चौथ्या रांगेत अंबिकामावशींजवळ बसवलं होतं. दर दोन मिनिटांनी मी तिच्याकडे बघत होते. तिला मी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिला ताप भरला असता.

गुरुजी आले, पुस्तकांचा एक गठ्ठाही बरोबर. लवूनं मला पुढे केलं : हार वहिनी घालतील, ओळख वहिनी करून देतील. मला पाहून त्यांचा हात नमस्कार करता करता मध्येच थांबला.

"आपण इथं राहता?"

"दुसऱ्या मजल्यावर."

हार घालताना ते हळूच म्हणाले, "मुलीची समजूत घातलीत ना?"

"हो. वाक्य ऐकायला मिळेल तुम्हाला."

त्यांचा चेहरा सैल झाला. आपल्याला इथं बोलावलं ते चूक कबूल करून मान द्यायलाच, असं त्यांच्या मनानं घेतलं असावं.

मी ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिले.

"हर्णेकर गुरुजींची ओळख मी काय करून देणार? पुस्तक लिहायला लोकांना वर्षानुवर्षं लागतात. गुरुजींचं काम सहा आठवड्यांत उरकतं." टाळ्या. "लहान मुलांच्या साध्या वह्यासुद्धा ते इतक्या आपुलकीनं वाचतात, की त्यातलं एक अक्षर वाया जाऊ देत नाहीत." पुन्हा टाळ्या. "आणि त्यांच्या पुस्तकाचा मोठा गुण हा, की ते वाचताना आपल्या चाळीतल्या मुलांना वाटेल, हे तर आपल्याच घरात लिहिलंय!"

लवू सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. गुरुजी पहिल्या वाक्याला हसले होते; तिसऱ्या वाक्याला ते हारातलं एक झेंडूचं फूल चुरत होते. चौथ्या रांगेत मीनाक्षीनं माझ्याकडे एकदम पाहिलं आणि परकराची कड दातांत धरली. व्याजस्तुती तिला ओळखता येते.

भाषण चांगलं झालं. खोटं कशाला सांगू, गुरुजी बोलत छान. घोषणांतला अनुप्रास त्यांनी दाखवला, यमक दाखवलं, मुलांकडून म्हणवून घेतलं, सगळं अंगण दुमदुमलं. ते ऐकताना मला आणखीनच संताप आला. ज्याला एवढं येतं, त्याला माझ्या पोरीच्या कांजिण्या कशाला हव्या होत्या?

ते थांबले तशी मी उठले. "गुरुजी, मुलांना श्लेष जरा जड जातो. पान बावीसवरचं तुमचं उदाहरण सांगाल?"

"वेळ बराच झालाय, बाई."

"होऊ द्या, होऊ द्या!" गॅलरीतून कुणीतरी ओरडलं.

मी पुस्तक उघडून त्यांच्या हातात दिलं. सुटका नव्हती. त्यांनी वाचलं, "साचा बिघडला, म्हणून यंदा मोदक नाहीत." मागच्या रांगांतून कौतुकाचे हुंकार आले. साचा बिघडणं म्हणजे काय, हे तिथं कुणाला सांगावं लागत नव्हतं. मग गुरुजींनी आवाज खाली आणला, डोळे अर्धे मिटले, आणि सांगितलं, साचा म्हणजे एक तर मोदकाचा साचा, आणि दुसरा गूढ अर्थ, साच, सत्य.

मागचे हुंकार थांबले. एखादा साचा अचानक थांबावा तसं.

अंबिकामावशी पहिल्यांदा बोलल्या. तो आवाज. "अवो गुर्जी, साचो म्हंजे लूम!"

मागून एक जाडा साचेवाला उठला. "म्हंजे मी रोज दोन सत्यां चलवतंय?"

"आणि मालक आता एकेकाच्या बोडक्यावर चार-चार सत्यां घालूक बघताहा!" दुसरा.

हसण्याचा असा लोट उठला की गॅलऱ्यांचे कठडे हलले. बायका पदर तोंडाला लावून वाकल्या होत्या. गुरुजीही हसायचा प्रयत्न करत होते. "हो, हो, तोही अर्थ आहे. जागेअभावी दिला नाही."

"जागेअभावी खरा अर्थ गेला आणि खोटा राहिला?" मी विचारलं. ध्वनिक्षेपक माझ्याकडे होता. "लेखकाच्या मनात नक्की काय होतं, गुरुजी? लेखक तुम्ही आहात."

"लेखकाच्या मनात अनेक अर्थ असतात."

"त्यातला एक तरी लूमचा होता का? तुमच्या घरी कुणाचा साचा बिघडला होता?"

ते काही बोलायच्या आत माझे सासरे उठले. कुशाबा कधी सभेत बोलले नव्हते. एका हातानं त्यांनी पुढच्या माणसाचा खांदा धरला. "माजो बिघाडलेलो," ते म्हणाले. "दोन वर्सांमागे. चवथीच्या आदी. ह्यां वाक्य माज्या नातीचां. तिका तेवां कांजण्ये इल्ले. हय बसलेल्यांतल्या धा जणांनी आयकलेलां."

"मिया आयकलंय!" अंबिकामावशी. "मिया तिका म्हटलंय, हातान वळ!"

आता कुणी हसत नव्हतं. मी वही काढली आणि चाचणीचा पेपर काढला. सगळं सांगितलं, थोडक्यात : वही, सहा आठवडे, पुस्तक, तांबडी रेघ, उद्याचा सोमवार.

लवू धावत माझ्यापाशी आला. "वहिनी, पुरे. पाहुणे आहेत आपले. समितीचा माणूस आहे. बाहेर गेलं तर काय म्हणतील?" मी हटले नाही तसा तो ध्वनिक्षेपकाच्या खोक्याकडे वळला, बंद करायला. खोक्यासमोर जयवंत उभे होते. हाताची घडी घालून ते तिथं उभे राहिले, आणि लवू परत फिरला.

गुरुजी माझ्याजवळ सरकले. "शाळेत बोलू आपण. उद्या मी मुलीला काही म्हणायला लावणार नाही. शब्द देतो."

"तिनं सगळ्या शाळेसमोर म्हणायचं होतं. तुम्ही सगळ्या चाळीसमोर म्हणा."

"काय म्हणू?"

"तुम्हाला पाठ आहे ते. तुम्हीच तिला सांगितलंत."

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. अडीचशे माणसं. शेवटी ध्वनिक्षेपकाशी वाकून ते म्हणाले, "अनवधानानं नक्कल झाली."

"कर्ता कुठाय, गुरुजी?"

"बाई…"

"नक्कल झाली म्हणजे काय? पाऊस झाला, तशी? मीनाक्षीला तुम्ही कर्त्यासकट वाक्य दिलं होतं."

मागून कुणीतरी म्हणालं, "कर्ता सांगा, गुर्जी!" मग दुसरं कुणी. अर्ध्यांना कर्ता म्हणजे काय ते ठाऊक नसेल, पण कुणाला पकडायचंय ते ठाऊक होतं. "कर्ता सांगा! कर्ता सांगा!" मुलांनी तर टाळ्यांवर ठेकाच धरला, घोषणा कशा द्यायच्या ते गुरुजींनीच त्यांना मघाशी शिकवलं होतं.

"मी," ते म्हणाले. घाम त्यांच्या कोटाच्या कॉलरपर्यंत आला होता. "मी नक्कल केली."

ध्वनिक्षेपकातून ते पार रस्त्यापर्यंत गेलं असेल.

मला दया आली नाही. यावी म्हणून मी थोडं थांबूनही पाहिलं. मग पेपर त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "शेरा खोडा." त्यांनी खिशातलं पेन काढलं. निळी शाई होती. 'नक्कल'वर त्यांनी काट मारली. "गुण," मी म्हटलं. त्यांनी गुण दिले. "सही." त्यांनी सही केली. "तारीख घाला, गुरुजी. तारखेला महत्त्व असतं." तारीख घातली.

ते गेले तेव्हा कुणी त्यांना ट्रामपर्यंत सोडायला गेलं नाही. पुस्तकांचा गठ्ठा मात्र लवूनं त्यांच्या मागे धावत जाऊन दिला. परत आल्यावर तो माझ्याशी बोलला नाही. दसऱ्यापर्यंत बोलला नाही.

सोमवारी मी मीनाक्षीबरोबर शाळेपर्यंत गेले आणि फाटकाशी थांबले. मुलं रांगेत उभी राहिली. प्रार्थना झाली. गुरुजी पायरीवर होते. एरवी इथं ते एकेकाचं नाव घेऊन शेरे वाचायचे. त्यांनी कागद काढला, समोर पाहिलं, आणि फाटकापलीकडे मी त्यांना दिसले. कागद परत खिशात गेला. "वर्गात चला," ते म्हणाले.

मंगळवारीही मी गेले. बुधवारी पण. घरात सासूबाई म्हणाल्या, आता कशाला? त्यांना मी म्हटलं, रस्ता वाईट आहे, ट्रामा वाईट आहेत. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी रोज प्रार्थना संपेस्तोवर त्या फाटकाशी उभी राहिले. गुरुजी वर बघायचे, मी दिसायचे, ते खाली बघायचे. एवढं पुरेसं होतं असं मी म्हणणार नाही.

एके सकाळी ट्राममधून उतरताना मीनाक्षीनं माझा हात सोडला. "आई, सगळ्या मुली बघतात. गुरुजी आता मला काही म्हणत नाहीत. प्रश्नसुद्धा विचारत नाहीत. तू उद्यापासून नको ना येऊस."

तिच्या गालावर कांजिण्यांचा एक बारीकसा खड्डा राहिला आहे. मी तो पाहत राहिले.

"प्रश्न विचारायला लागले की नाही येणार," मी म्हटलं, आणि तिचा हात पुन्हा धरून रस्ता ओलांडला.